नाशिक रोडचे गालिब

मागच्या वर्षी नववीच्या वर्गात गालिब शिकवत होते. एका मुलाने सहज विचारलं, "मॅडम, गालिब पाकिस्तानचे ना?" तो चिडवत नव्हता. कुठेतरी ऐकलेलं बोलला. १७९७ ला आग्र्यात जन्मून १८६९ मध्ये दिल्लीत वारलेला माणूस पाकिस्तानचा कसा, हे सांगता आलं असतं. पण मला एक तिकीट आठवलं.

आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये कासारवाडीला नाशिक फाटा आहे. तिथून निघालेला रस्ता भोसरी, चाकण, मंचर, संगमनेर करत नाशिक रोडला पोहोचतो. चाकणला मोटारी बनतात, नाशिक रोडला टपालाची तिकिटं.

टपाल-तार खात्याचे स्वतःचेही कारखाने होते. कलकत्त्यात अलिपूरला, जबलपूरला आणि मुंबईत तारा-टेलिफोनचं सामान तयार होई. अलीगढच्या टपाल कारखान्यात कुलपं आणि शिक्के बनत. तिकिटांचा छापखाना मात्र अर्थखात्याचा. त्याआधी कित्येक दशकं आपली तिकिटं लंडनची डे ला रू कंपनी छापून पाठवायची. १९२५-२६ पासून नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसने ते काम हाती घेतलं. तिकिटांबरोबर पोस्टकार्डं आणि स्टॅम्पपेपरही. नोटांचा छापखाना शेजारीच, १९२८ चा.

स्वातंत्र्य आलं. १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार तिकिटं निघाली. त्यांवर 'बापू' हा शब्द नागरीत आणि उर्दूत, दोन्ही लिप्यांत होता. फाळणीला जेमतेम वर्ष झालं होतं आणि टपाल खात्याला उर्दू परकी वाटली नव्हती. पण ही तिकिटं स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए छापखान्यात छापली गेली. फोटोग्रॅव्ह्युअर, म्हणजे सिलिंडरवर चित्र कोरून सावल्यांच्या बारीक छटा उतरवणारी छपाई, तेव्हा नाशिकला होत नव्हती. चरख्याच्या माणसाचं तिकीट परदेशी! मला ही गोष्ट आजही थोडी खुपते.

मग नाशिक रोडला ती यंत्रं आली. १ ऑक्टोबर १९५२ ला तिथे या पद्धतीने छापलेली भारताची पहिली तिकिटं विक्रीला आली. विषय होता संत आणि कवी. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, टागोर आणि गालिब. नव्या यंत्रावर पहिल्यांदा कोणाला छापायचं, हे कोणीतरी ठरवलं असणारच. त्या सहा जणांत उर्दूचा शायर होता. तुकोबा नव्हते याचं मला, मराठी शिकवणारी म्हणून, वाईट वाटतं. पण तो वेगळा लेख.

गालिब शोभले मात्र तिकिटावरच. त्यांची पत्रं म्हणजे उर्दू गद्याचा पाया. समोर बसून गप्पा माराव्यात तशी ते लिहीत, आणि डाकेची वाट बघत.

मी फोनवर तिकिटाचं चित्र काढून वर्गात फिरवलं. "हे आपल्या नाशिकला छापलंय. बस पकडली की संध्याकाळपर्यंत पोहोचाल." फोन बाकांवरून फिरत त्या मुलाकडे आला. त्याने चित्र मोठं करून बराच वेळ पाहिलं.

"मॅडम, यावर साडेचार आणे लिहिलंय. म्हणजे किती?"

"अठ्ठावीस पैशांहून जरासं जास्त," मी म्हटलं, आणि फळ्यावर हिशेब मांडायला घेतला.