मिसिसिपीच्या पूर्वेला स्पायडरमॅन कोणाचा?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील ऑर्लँडो हे शहर थीम पार्कसाठी जगभर प्रसिद्ध आहे. डिस्ने कंपनीचे अवाढव्य उद्यानसंकुल तेथे १९७१ पासून आहे. स्पायडरमॅन, हल्क, आयर्न मॅन, कॅप्टन अमेरिका ही पात्रे ज्या मार्व्हल कंपनीची, तिची मालकी २००९ पासून डिस्नेकडे आहे. साहजिकच स्पायडरमॅनला भेटण्यासाठी मुलांना घेऊन जाणारे पालक डिस्नेच्या उद्यानात त्याला शोधतात. तेथे तो सापडत नाही. त्याला भेटायचे, तर काही मैलांवर असलेल्या प्रतिस्पर्धी युनिव्हर्सल कंपनीच्या उद्यानाचे वेगळे तिकीट काढावे लागते. त्या तिकिटातून युनिव्हर्सलच्या तिजोरीत भर पडते आणि परवान्याच्या शुल्कापोटी त्यातील काही भाग पुन्हा डिस्नेकडे येतो. स्वतःच्या पात्रांसाठी डिस्ने शुल्क घेऊ शकते. परंतु तीच पात्रे स्वतःच्या अंगणात उभी करू शकत नाही.

या विचित्र स्थितीचे मूळ २२ मार्च १९९४ रोजी झालेल्या एका करारात आहे. युनिव्हर्सलची तेव्हाची पालक कंपनी एमसीए आणि मार्व्हल एन्टरटेनमेंट ग्रुप यांच्यात तो झाला. मार्व्हल ही भागबाजारात नोंदलेली कंपनी असल्यामुळे हा करार अमेरिकेच्या रोखे नियामकाकडे सादर झाला आणि आज कोणालाही वाचता येतो. मनोरंजन उद्योगातील असे करार सहसा कपाटाबाहेर येत नाहीत. त्यामुळे परवाना म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी इतके चांगले उदाहरण क्वचितच मिळते.

तो काळ लक्षात घेतला पाहिजे. एमसीएला ऑर्लँडोमध्ये दुसरे उद्यान उभारायचे होते. मार्व्हलकडे लोकप्रिय पात्रे होती. पण त्यांच्यावर मोठे यशस्वी चित्रपट निघालेले नव्हते. नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी संग्राहकांच्या खरेदीमुळे फुगलेला कॉमिक्सचा बाजार खाली येऊ लागला होता, आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. पात्रांचे हक्क तुकड्या-तुकड्याने विकून पैसा उभा करणे ही त्या काळातील मार्व्हलची रीतच बनली होती. ‘एक्स-मेन’चे चित्रपट-हक्क फॉक्सकडे गेले आणि स्पायडरमॅनचे सोनीकडे. उद्यानांचे हक्क एमसीएकडे गेले, हा त्याच वाटणीचा भाग. हीच पात्रे पुढे अब्जावधी डॉलर मिळवून देतील, हे तेव्हा ना विकणाऱ्याला ठाऊक होते, ना घेणाऱ्याला. युनिव्हर्सलचे नवे उद्यान ‘आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर’ २८ मे १९९९ रोजी खुले झाले. त्यातील एक संपूर्ण विभाग मार्व्हलच्या नायकांना वाहिलेला होता.

या कराराने अमेरिकेचे दोन भाग पाडले, आणि सीमारेषा म्हणून मिसिसिपी नदी निवडली. नदीच्या पूर्वेला युनिव्हर्सल जी पात्रे वापरत असेल, ती इतर कोणत्याही थीम पार्कला देता येणार नाहीत. पश्चिमेला मात्र मार्व्हल आपली पात्रे इतरांना देऊ शकते, मग युनिव्हर्सल ती वापरत असो वा नसो. फ्लोरिडा नदीच्या पूर्वेला आहे आणि डिस्नेचे मूळ उद्यान असलेले कॅलिफोर्निया पश्चिमेला. म्हणूनच ४ जून २०२१ रोजी कॅलिफोर्नियातील डिस्नेच्या उद्यानात ‘अ‍ॅव्हेंजर्स कॅम्पस’ हा विभाग उघडला आणि तेथे स्पायडरमॅनची नवी सफरही सुरू झाली. एकाच देशात एकच पात्र एका किनाऱ्याला डिस्नेच्या उद्यानात आहे आणि दुसऱ्या किनाऱ्याला तिच्या स्पर्धकाच्या उद्यानात.

नदीपेक्षाही कळीचा ठरला तो ‘वापरात असणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थ. येथे करार लिहिणाऱ्या वकिलांना दाद द्यावी लागते. केवळ भिंतीवर एखादे चित्र लावले म्हणजे पात्र वापरात आले, असे करार मानत नाही. पात्र एखाद्या आकर्षणाचा, दुकानाचा किंवा उपाहारगृहाच्या सजावटीचा प्रासंगिक नव्हे तर ठळक भाग असले पाहिजे, किंवा वेशधारी कलाकाराच्या रूपाने ते उद्यानात वावरत असले पाहिजे. एवढ्यानेही भागत नाही. मागील वर्षभरात ते पात्र वा त्याच्या परिवारातील दुसरे एखादे पात्र युनिव्हर्सलच्या जाहिरातीत दिसलेले असले पाहिजे. जे पात्र फक्त वेशधारी कलाकाराच्या रूपात आहे, त्याच्या बाबतीत जाहिरातीची अट अधिक कडक आहे: तेथे त्याची उपस्थिती ओझरती असून चालत नाही. थोडक्यात, हक्क हातात आहे म्हणून पात्रे गोठवून ठेवण्याची मुभा नाही. वापर थांबला की पकड सैल होते.

आणि ‘परिवार’ या शब्दाचा पसारा तर फारच मोठा आहे. एक पात्र वापरात असेल, तर त्याच्या परिवारातील सर्वच पात्रे वापरात आहेत असे मानले जाते. उदाहरणादाखल करारात ‘फॅन्टॅस्टिक फोर’ आणि ‘अ‍ॅव्हेंजर्स’ यांची नावे आहेत, आणि नायकाशी निगडित खलनायकही त्यात धरलेले आहेत. हल्कच्या नावाचा रोलर कोस्टर युनिव्हर्सलमध्ये आहे आणि हल्क हा अ‍ॅव्हेंजर्सपैकी एक. त्यामुळे आयर्न मॅन, थॉर, कॅप्टन अमेरिका हे सर्व एका दमात पूर्व अमेरिकेतील डिस्नेच्या आवाक्याबाहेर जातात. डॉक्टर डूमच्या नावाचा मनोरा ‘फॅन्टॅस्टिक फोर’ला बांधून ठेवतो. ‘स्टॉर्म’ या नायिकेच्या नावाची छोटी फिरती सफर ‘एक्स-मेन’ला गुंतवते. पात्रे शेकडो, पण त्यांना बांधणाऱ्या खुंट्या मोजक्याच.

मग डिस्नेने काय केले? युनिव्हर्सलच्या उद्यानात जी नव्हती, ती पात्रे शोधली. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ ही टोळी १९९४ मध्ये फारशी कोणाला माहीत नव्हती आणि युनिव्हर्सलने तिचा वापर केलेला नव्हता. २०१४ च्या चित्रपटाने ती घराघरांत पोहोचवली. २७ मे २०२२ रोजी ऑर्लँडोतील डिस्नेच्या ‘एपकॉट’ उद्यानात याच टोळीवर आधारित मोठा रोलर कोस्टर सुरू झाला. करारात पडलेली फट अचूक हेरून तिच्यात एवढी मोठी इमारत उभी करण्याचे हे उदाहरण, निदान माझ्या मते, या सर्व प्रकरणातील सर्वांत मनोरंजक भाग आहे.

नावाबाबतही एक अट आहे. अमेरिकेत नदीच्या पूर्वेला असो वा पश्चिमेला, अन्य उद्यानांना विशिष्ट पात्रे देता येतात. पण आकर्षणाच्या नावात किंवा त्याच्या प्रसिद्धीत ‘मार्व्हल’ हा शब्द वापरू देता येत नाही. कॅलिफोर्नियातील विभागाच्या नावात केवळ ‘अ‍ॅव्हेंजर्स’ आहे. पॅरिसला हे बंधन लागू नाही. तेथे डिस्नेच्या एका हॉटेलच्या नावातच ‘द आर्ट ऑफ मार्व्हल’ हे शब्द २०२१ पासून झळकत आहेत. हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये आयर्न मॅनची सफर जानेवारी २०१७ मध्येच सुरू झाली होती. जपान मात्र कराराच्या कक्षेत होते. ओसाका येथील युनिव्हर्सलच्या उद्यानात स्पायडरमॅनची सफर जानेवारी २००४ ते जानेवारी २०२४ अशी वीस वर्षे चालली.

येथे कोणीही विचारील, की डिस्नेने सुमारे ४ अब्ज डॉलर मोजून मार्व्हल विकत घेतली, तेव्हा हा करार रद्द का झाला नाही? याचे उत्तर गोमंतकीय वाचकाला सहज उमजावे. भाट विकले गेले म्हणून त्यातील मुंडकाराचे घर रिकामे होत नाही. नवा भाटकार भाट घेतो तो मुंडकारासह. मुंडकाराला १९७५ च्या कायद्याचे संरक्षण आहे आणि युनिव्हर्सलला केवळ कराराचे, हा फरक आहेच. पण तत्त्व तेच: विकणाऱ्याकडे जेवढा हक्क शिल्लक असेल, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. दुसऱ्या बाजूलाही मालक बदलत राहिले. एमसीए १९९४ मध्ये जपानच्या मात्सुशिता कंपनीकडे होती. नंतर ती सीग्रॅमकडे, मग विवेंडीकडे, जनरल इलेक्ट्रिककडे आणि अखेर कॉमकास्टकडे गेली. करार यातील प्रत्येक हस्तांतरातून सहीसलामत पुढे आला. त्याला अखेरची ठरावीक तारीख नाही. अटी पाळून उद्यानातील विभाग चालू आहे तोवर तो चालतो.

त्यामुळे युनिव्हर्सलला हा विभाग सांभाळण्यावाचून गत्यंतर नाही. स्पायडरमॅनच्या सफरीचे चित्रीकरण २०१२ मध्ये नव्या तंत्राने पुन्हा तयार केले गेले. हल्कचा कोस्टर सप्टेंबर २०१५ मध्ये बंद करून, रुळांसकट नव्याने बांधून, ऑगस्ट २०१६ मध्ये पुन्हा सुरू केला. हे सारे केवळ करारापायी झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. प्रेक्षकांना जुने झालेले चालत नाही, हेही कारण आहेच. मात्र या विभागात फिरताना एक गोष्ट चटकन जाणवते. तेथील चित्रे कॉमिक्समधील आहेत; चित्रपटांतील नटांचे चेहरे तेथे नाहीत.

एका पात्राचे हक्क किती ठिकाणी विखुरलेले असू शकतात, याचा स्पायडरमॅन हा नमुनाच आहे. त्याची कॉमिक्स मार्व्हलची, म्हणजे डिस्नेची. चित्रपटांचे हक्क सोनीचे. त्याच्या नावाची खेळणी, कपडे व इतर वस्तू यांचे हक्क २०११ मध्ये सोनीकडून परत डिस्नेकडे आले. पूर्व अमेरिकेतील उद्यानांत तो युनिव्हर्सलचा. ‘एक्स-मेन’ची गोष्ट आणखी बोलकी आहे. २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सचा चित्रपट व्यवसाय विकत घेतला आणि त्या पात्रांचे चित्रपट-हक्क मार्व्हलकडे परतले; ऑर्लँडोतील उद्यानाचा हक्क मात्र जेथे होता तेथेच राहिला. एक दार उघडले म्हणून दुसरे आपोआप उघडत नाही.

बॅटमॅन, सुपरमॅन या डीसी कंपनीच्या पात्रांचा मार्ग वेगळा आहे. त्यांची मालकी वॉर्नरकडे, आणि अमेरिकेतील सिक्स फ्लॅग्ज उद्यानांना ती परवान्याने मिळाली. सिक्स फ्लॅग्ज एकेकाळी याच समूहाची होती. १९९८ मध्ये ती विकली गेली, तरी पात्रांचा परवाना तिच्याकडे राहिला. २०१८ मध्ये अबुधाबीत वॉर्नरच्या नावाचे बंदिस्त उद्यान सुरू झाले आणि त्यात बॅटमॅनचे गॉथम शहर उभे राहिले. शेजारच्या दुबईत २०१६ पासून चालणाऱ्या आयएमजी वर्ल्ड्स या उद्यानात तर मार्व्हलचाच विभाग आहे. जेथे डिस्नेचे स्वतःचे उद्यान नाही, तेथे पात्रे दुसऱ्याला देऊन शुल्क घेणे तिलाही परवडते.

आपल्याकडे या क्षेत्राचा पसारा अजून लहान आहे. मुंबई-पुणे मार्गावरील खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात ‘मिस्टर इंडिया’ या चित्रपटावर आधारित सफर आहे. पात्रांवरील हक्कांचा वाद मात्र येथेही न्यायालयापर्यंत गेलेला आहे. ‘नागराज’ या हिंदी कॉमिक्समधील नायकाच्या प्रकाशकाने ‘नागेश’ नावाच्या तशाच पात्राविरुद्ध दाद मागितली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नाव आणि रूप यांतील साम्य विचारात घेऊन नागराजच्या बाजूने मनाई हुकूम दिला.

आणि येथील लेखक-चित्रकारांनी भारतीय स्वामित्व हक्क कायदा, १९५७ मधील कलम १९ एकदा तरी वाचावे. हक्क लिहून देताना मुदत नमूद केली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश नमूद केला नसेल, तर तो भारतापुरता मानला जातो. हक्क घेणाऱ्याने एका वर्षात त्याचा वापर केला नाही, तर तो संपुष्टात येतो. मात्र करारात वेगळे लिहिलेले नसेल तरच. कलम ३०-अ नुसार हीच तत्त्वे परवान्यालाही लागू होतात. छापील नमुन्यावर ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द आधीच टंकलेले असतात, आणि त्यांच्याखाली सही झाली की पाच वर्षांची मुदत व भारतापुरती मर्यादा ही कायद्याने दिलेली सवलत उरत नाही.

ऑर्लँडोतील करारावर काळाचे एक बंधन आहे, पण ते दूरचे. स्पायडरमॅन प्रथम १९६२ मध्ये छापला गेला. अमेरिकी कायद्यानुसार त्या पहिल्या कथेवरील स्वामित्व हक्क ९५ वर्षांनी, म्हणजे २०५७ च्या अखेरीस संपेल. १ जानेवारी २०५८ पासून त्या कथेतील स्पायडरमॅन कोणालाही वापरता येईल, नदीच्या दोन्ही काठांवर. नंतरच्या कथांत त्याला मिळालेल्या गोष्टी तेव्हाही संरक्षितच असतील, आणि त्याच्या नावाचे व्यापारचिन्ह तर वापर चालू आहे तोवर टिकते.