गिरणगावातील डावी मराठी नियतकालिके

मुंबईत परळ, लालबाग, डिलाईल रोड या कापडगिरण्यांच्या पट्ट्यात, कोकणातून व घाटावरून पोटासाठी आलेल्या कामगारांसाठी डाव्या चळवळीने चालवलेली साप्ताहिके व मासिके. १९२१च्या जनगणनेनुसार मुंबईतील सुमारे ८४ टक्के रहिवासी शहराबाहेर जन्मलेले होते. या पत्रांचा वाचक त्यांतलाच.

‘क्रांती’ हे साप्ताहिक १९२७ साली कामकरी-शेतकरी पक्षाने काढले (पुढचा शेतकरी कामगार पक्ष वेगळा). शांताराम मिरजकर संपादक होते. मजकूर मुख्यतः संप, पगार आणि मालकशाहीविषयी. २० मार्च १९२९ रोजी साम्यवादी व कामगार नेत्यांवरील मीरत कट खटल्यात मिरजकर आणि त्यांचे सहकारी डांगे, जोगळेकर यांची धरपकड झाली आणि पत्राचे चालकच तुरुंगात गेले.

या पत्रांतल्या वाङ्मयाला खरा बहर १९४०नंतर आला. ‘लोकयुद्ध’, ‘मशाल’, ‘युगांतर’ या साम्यवादी साप्ताहिकांभोवती लेखक व शाहीर जमले. वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबईला आलेले, गिरणीत राबलेले अण्णा भाऊ साठे यांची पहिली कथा ‘माझी दिवाळी’ १९४९ साली ‘मशाल’मध्ये आली. बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी ‘युगदीप’ हे मासिक चालवले.

गिरणगावात एकेका खोलीत पाळ्यांप्रमाणे आलटून पालटून झोपणारे गडी, त्यांत लिहिता-वाचता येणारे थोडे. तेव्हा अंक एकाने मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा. म्हणूनच या चळवळीचे साहित्य कागदावर थांबले नाही. पोवाडा, छक्कड, वग यांतून ते मैदानात उतरले. अण्णा भाऊ, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांचे लालबावटा कलापथक (१९४४) हे या पत्रांचेच दुसरे अंग मानावे लागते. अशीच डावी कामगार-पत्रे असलेल्या न्यूयॉर्कच्या यिडिश भाषक ज्यू स्थलांतरितांत मात्र चित्र निराळे होते. यिडिश ज्यांत लिहितात ती हिब्रू अक्षरे लहानपणीच गिरवलेला शिंपीकामगार ‘फ्रायहाइट’ (१९२२) हे दैनिक किंवा ‘हामर’ (१९२६) हे मासिक स्वतः वाचू शके, त्यामुळे तिथल्या कामगार-कवीला छापील पानाचा मोठा आधार होता.

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात या अंकांना प्रचारपत्रे म्हणून कोपऱ्यात बसवले जाते, हा अन्याय आहे. ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीचे लेखक अण्णा भाऊ प्रथम याच पानांवर कथाकार झाले.