दोषसिद्धी, क्षमा आणि राज्यसीमा : अमेरिकेतील शस्त्राधिकाराचा प्रश्न

संघराज्यात एका घटकराज्याने दिलेली शिक्षा इतरत्र कितपत मानली जावी, आणि त्याच राज्याने दिलेली क्षमा कितपत मानली जावी, हे प्रश्न वरवर पाहता एकाच स्वरूपाचे भासतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शस्त्रविषयक कायद्यांचा इतिहास मात्र त्यांची उत्तरे दीर्घकाळ परस्परविरुद्ध होती असे दर्शवितो.

१९३८ च्या संघीय कायद्याने हिंसक गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना आंतरराज्यीय व्यापारातून आलेली बंदूक स्वीकारण्यास मनाई केली. १९६१ मध्ये ही मनाई एक वर्षाहून अधिक कारावासास पात्र अशा गुन्ह्यांपर्यंत वाढविण्यात आली आणि १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने ती अधिक दृढ केली. प्रत्यक्ष किती शिक्षा झाली यापेक्षा किती होऊ शकली असती, हीच येथे कसोटी होती.

मनाईतून सूट देण्याची तरतूद १९६५ मध्ये आली. विंचेस्टर बंदुकांचे उत्पादन करणारी ऑलिन मॅथिसन ही कंपनी परदेशी मदतीच्या व्यवहारातील गुन्ह्यात दोषी ठरली होती. तिच्या अडचणीतूनच या तरतुदीचा उगम झाला.

क्षमेचा प्रश्न १९८३ च्या ‘डिकर्सन विरुद्ध न्यू बॅनर’ खटल्यात ऐरणीवर आला. साउथ कॅरोलायनातील एका रहिवाशाने आयोवा राज्यात लपवून पिस्तूल बाळगल्याचा गुन्हा कबूल केला होता. परिवीक्षेचा काळ संपल्यावर आयोवाने त्याच्या प्रकरणाची नोंद पुसून टाकली. तथापि सर्वोच्च न्यायालयाच्या मते संघीय मनाई त्यामुळे उठत नव्हती. म्हणजे आयोवाने लावलेला डाग देशभर ग्राह्य, परंतु आयोवानेच पुसलेला डाग संघाच्या दृष्टीने कायम, असा हा निर्णय झाला.

१९८६ च्या कायद्याने काँग्रेसने ही विसंगती दूर केली. ज्या अधिकारक्षेत्रात खटला चालला तेथील कायद्यानेच दोषसिद्धी ठरावी. नोंद पुसली गेल्यास, क्षमा मिळाल्यास वा नागरी हक्क परत दिले गेल्यास ती दोषसिद्धी मानू नये. मात्र परत दिलेल्या हक्कांसोबत शस्त्रबंदी स्पष्टपणे कायम ठेवलेली नसावी, असे ठरले. परंतु ‘त्याच अधिकारक्षेत्रात’ या मर्यादेतून नवी विषमता उद्भवली. १९९४ च्या ‘बीचम’ निर्णयानुसार संघीय न्यायालयात दोषी ठरलेल्यास घटकराज्याने नागरी हक्क परत दिले तरी त्यांचा उपयोग होत नाही. १९९८ च्या ‘कॅरन’ निर्णयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. मॅसॅच्युसेट्सने रायफल बाळगण्यास मुभा देऊन पिस्तुलावर निर्बंध ठेवला होता. तेवढ्या निर्बंधामुळे रायफलीवरही संघीय बंदी लागू राहिली.

संघीय दोषींना मग १९६५ च्या सुटीचा मार्ग उरत होता. परंतु व्यक्तींच्या अर्जांच्या चौकशीवर निधी खर्च करण्यास काँग्रेसने १९९२ पासून मनाई केली. व्यक्तींना राष्ट्राध्यक्षांच्या क्षमेवाचून व्यवहारतः गत्यंतर राहिले नाही. कंपन्यांच्या अर्जांना मात्र वाट मोकळी ठेवण्यात आली. मार्च २०२५ मध्ये न्याय विभागाने सुटीचा अधिकार अग्निशस्त्र विभागाकडून काढून महान्यायवादीकडे घेतला, तेव्हा ही वाट पुन्हा खुली करण्यास आरंभ झाला.

या इतिहासाचा निष्कर्ष केवळ बंदुकीपुरता नाही. दंड सर्वत्र ग्राह्य, पण पुनःस्थापना ती देणाऱ्या सत्तेपुरती सीमित, अशी रचना असली म्हणजे सारखाच अपराध करून सारखीच शिक्षा भोगलेल्या दोन नागरिकांचे भवितव्य त्यांचा खटला कोठे चालला यावर अवलंबून राहते. समान नागरिकत्वाच्या तत्त्वाशी या स्थितीचा मेळ कसा घालावा, हा संघराज्यीय विधिशास्त्रातील प्रश्न अद्याप सुटलेला नाही.