रबरी बुटाची कुळकथा

अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनकडे मासळी आणि बर्फ वाहणाऱ्या बहुतेक पिकअपना ॲक्सलचा रबरी बूट, म्हणजे सांध्यातलं ग्रीस धरून ठेवणारं आवरण, नसतोच. त्यांचा जोर मागच्या चाकांवर जातो आणि तिथला शाफ्ट लोखंडी हौसिंगमध्ये बंद असतो. बूट लागतो तो इसुझु व्ही-क्रॉससारख्या फोर बाय फोर गाडीच्या पुढच्या शाफ्टला. तिथल्या चाकाला वळायचं असतं, खड्ड्यात वर-खाली व्हायचं असतं आणि त्याच वेळी इंजिनाचा जोरही घ्यायचा असतो. फोर्डमधले अभियंते आल्फ्रेड झेप्पा यांनी १९२० च्या दशकात यासाठी गोळ्यांचा सांधा घडवला. खाचांत बसलेल्या या गोळ्यांमुळे सांधा वाकलेला असला तरी दोन्ही टोकं एकाच वेगाने फिरतात. त्याचं पेटंट १९२८ मध्ये मिळालं, पण लाखोंच्या संख्येत विकली जाणारी छोटी गाडी या सांध्यावर धावू लागली ती १९५९ च्या मिनीपासून. भारतीय गॅरेजांना त्याची सवय लागली १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० मुळे.

पेटंट आणि मिनी यांच्यामधली तीस वर्षं महाग यंत्रकामामुळे गेली, हे खरंच आहे. पण मला आवरणाचा प्रश्नही तितकाच मोठा वाटतो. नैसर्गिक रबर तेला-ग्रीसने फुगतं आणि ओझोनने चिरतं. ड्यूपाँने १९३१ मध्ये बाजारात आणलेलं निओप्रीन दोन्हींना बरंच पुरून उरतं. यावर कोणी म्हणेल की दुसऱ्या महायुद्धातली जीप रबरी बुटाशिवायच चालली. चालली खरी, पण तिचे सांधे पोलादी गोलकात, फेल्टच्या सीलमागे ठेवलेले होते आणि पुढची दोन्ही चाकं एकाच जड ॲक्सलला बांधलेली होती. प्रत्येक चाक सुटं हलवायचं, तर आवरणालाही वाकता यायला हवं. म्हणून हा बूट सांध्याचा नुसता झगा नाही, तो सांध्याचाच भाग आहे.

रायगडच्या किनाऱ्यावर या बुटाला फार महत्त्व येतं. खारी हवा बूट आवळणाऱ्या क्लिपा गंजवते, क्लिप सैल पडली की ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि पुळणीची वाळू आत शिरते. गाडी तर चालतेय, मग घाई कशाला, असं बरेच जण म्हणतात. पण रबर फाटल्याचं लगेच दिसलं, तर सांधा धुऊन, मॉलिब्डेनमचं ग्रीस भरून, नवा बूट आणि नव्या क्लिपा लावून भागतं. पूर्ण वळणावर कटकट ऐकू येऊ लागली, की गोळ्या आणि खाचा झिजलेल्या असतात. मग नुसता बूट बदलून उपयोग नाही, सांधाच बदलावा लागतो. शाफ्ट न काढता बसवता येणारा, उभी चीर चिकटवून जोडायचा बूटही मिळतो आणि अडल्या वेळी तो कामाचा आहे. पण त्याचा जोड घड्यांवरूनच जातो आणि बुटाचा सगळ्यात जास्त हलणारा भाग तोच, त्यामुळे जमेल तेव्हा शाफ्ट उतरवून अखंड बूट बसवून घ्यावा.