पुन्हा एकदा ‘कुंकू’

आमच्या महिला मंडळात परवा विषय निघाला, पुन्हा पुन्हा बघावासा वाटणारा सिनेमा कोणता? कुणी ‘सांगत्ये ऐका’ म्हणालं, कुणी ‘पिंजरा’, कुणी ‘जगाच्या पाठीवर’. मी ‘कुंकू’ म्हटलं तर दोघीतिघींनी नाकं मुरडली. ‘तो म्हाताऱ्याशी लग्नाचा? आता कशाला गं ते?’ त्या वेळी मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहिते.

‘कुंकू’ १९३७ सालचा. प्रभात कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. दिग्दर्शक व्ही. शांताराम मूळचे कोल्हापूरचे, वडील जैन. त्यामुळे आमच्या घरातली जुनी माणसं त्यांना ‘आपल्यातला’ म्हणायची. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून हा सिनेमा केला. हिंदीत तोच ‘दुनिया न माने’ म्हणून निघाला.

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. नीरा ही पोरकी मुलगी. मामा-मामी फसवून तिचं लग्न म्हाताऱ्या विधुर वकिलाशी, काकासाहेबांशी लावून देतात. नीरा पळत नाही, विहीर जवळ करत नाही. त्याच घरात राहते आणि सांगते, हे लग्न मला मान्य नाही.

मी तो पहिल्यांदा बघितला चौदाव्या वर्षी, आज्जीबरोबर, बेळगावात मॅटिनीला. रात्रीच्या खेळाचा प्रश्नच नव्हता. सूर्य मावळायच्या आत जेवणं व्हायला हवीत, हा आज्जीचा नेम. आज्जीला १९२८ साली, तेराव्या वर्षी, बिजवराला दिली होती. आजोबा तिच्याहून पंचवीस वर्षांनी मोठे. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण बोलायचं कुणी नाही. थिएटरात आजूबाजूच्या बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. आज्जी कोरडी. घरी येताना एवढंच म्हणाली, ‘हिला निदान बोलाय तरी येतंय.’ मला तेव्हा काही कळलं नाही.

कळायला इतिहास वाचावा लागला.

१८९९ मध्ये गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आलं. म्हातारा भुजंगनाथ, पैशासाठी मुलगी द्यायला निघालेला बाप, आणि असहाय शारदा. योगायोग असा, की त्याच १८९९ साली आपल्या स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली आणि आपल्या समाजातही शिक्षणाची नि सुधारणेची चर्चा सभेत होऊ लागली. पण शारदेचं लग्न मोडतं ते कशामुळं? वर आणि वधू एका गोत्राचे निघतात म्हणून. म्हणजे मुलीला नको आहे हे कारण तेव्हा पुरेसं नव्हतं. गोत्र जुळलं नसतं, तर शारदेचं काय झालं असतं?

पुढं १९२९ मध्ये सारडा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीचं वय किमान चौदा, मुलाचं अठरा. आज्जीच्या लग्नाला तोवर दोन वर्षं होऊन गेली होती. पण हा कायदा आधी आला असता तरी काय? एक वर्ष थांबून चौदाव्या वर्षी त्याच आजोबांशी लग्न लावता आलं असतं. कायदा मुलीचं वय मोजत होता. नवऱ्याचं वय किती जास्त असावं याबद्दल त्यात काही नव्हतं, आणि मुलीची मर्जी कुणी विचारली का, याबद्दलही नव्हतं. ‘कुंकू’ सुरू होतो तो नेमका इथं. नीरा लहान मुलगी नाही. कायद्यानं तिचं लग्न अगदी बरोबर आहे, आणि तरी ते अन्यायाचं आहे. एवढी साधी गोष्ट १९३७ मध्ये पडद्यावर कुणीतरी ठणकावून सांगितली.

दुसऱ्यांदा बघितला तो लग्नानंतर, टीव्हीवर. पोरं झोपलेली, आवाज बारीक केलेला. तेव्हा लक्षात आलं, की या सिनेमात पार्श्वसंगीतच नाही. घरातले खरे आवाज तेवढे आहेत. त्यातलं भिंतीवरचं मोठं घड्याळ म्हणजे काकासाहेबांचंच दुसरं रूप. सासरच्या घरात दुपारी असं घड्याळ ऐकत बसलेल्या बाईला वेगळं काही सांगावं लागत नाही.

आणि तेव्हाच काकासाहेबांच्या मुलीकडं लक्ष गेलं. समाजकार्य करणारी ही मुलगी घरी येते आणि बापाची बाजू न घेता नीरेच्या पाठीशी उभी राहते. ते काम शकुंतला परांजपे यांनी केलंय. रँग्लर परांजप्यांची ही लेक केंब्रिजला गणित शिकून आलेली. पुढं त्यांनी कुटुंबनियोजनाच्या प्रचारात आयुष्य घातलं. नीरा झालेल्या शांता आपटेही तशाच. १९३९ मध्ये कराराच्या वादावरून त्या प्रभातच्याच दारात उपोषणाला बसल्या, आणि १९४० मध्ये ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिलं. पडद्यावरचा तो ताठा नुसता अभिनयाचा नव्हता.

तिसऱ्यांदा बघितला गेल्या दिवाळीत, नातीबरोबर, तिच्या मोबाईलवर. या वेळी मला काकासाहेबांची दया आली. केशवराव दात्यांनी तो माणूस खलनायक केलेला नाही. आपलं चुकलं हे त्याला हळूहळू उमगत जातं, आणि शेवटी तो नीरेला दुसरं लग्न कर असं लिहून ठेवून जीव देतो. नात म्हणाली, ‘आज्जी, मरायचं कशाला? डिव्होर्स द्यायचा की!’

मी तिला सांगितलं, तेव्हा तो रस्ताच नव्हता. आपल्यात घटस्फोट आणि एका वेळी एकच बायको हे हिंदू विवाह कायद्यानं १९५५ मध्ये देशभर आणलं. तो कायदा जैनांनाही लागू आहे. त्याआधी नीरेला मोकळं करायचं तर गोष्ट लिहिणाऱ्याला काकासाहेबांना मारावंच लागलं. तो शेवट मला आधी रडवा वाटायचा, आता वाटतं तो त्या काळाचा नाइलाज आहे.

नात गप्प झाली. मग विचारलं, ‘आणि तुझ्या आज्जीला कुणी पत्र लिहून ठेवलं का?’

नाही लिहिलं. आजोबा गेले तेव्हा आज्जी तिशीची होती. कपाळावरचं कुंकू गेलं, हातातली काकणं गेली, बस्तीत मागं बसायची सवय झाली ती शेवटपर्यंत. ज्या कुंकवाबद्दल आधी तिला कुणी विचारलं नव्हतं, ते पुसतानाही विचारलं नाही. त्या दिवशी मॅटिनीहून येताना ती नीरेबद्दल जे बोलली, त्याहून जास्त आपल्या लग्नाबद्दल मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

म्हणून मैत्रिणींनो, माझी निवड बदलत नाही. येत्या रविवारी मंडळात ‘कुंकू’ लावायचं ठरलंय. सिनेमा लांब आहे, तेव्हा दुपारीच सुरू करू, म्हणजे दिवस असताना घरी जाऊन जेवता येईल. आणि येताना मुली-सुना, नाती घेऊन या. त्या काय विचारतात ते ऐकायचंय मला.