जुन्या मद्याची वेळ

‘जुनें तें सोनें’ ही म्हण मुरलेल्या लोणच्याप्रमाणें तांबड्या द्राक्षमद्यालाही लागू पडते, असा सर्वसाधारण समज आहे. युरोपांतील जाणत्या लोकांचा दोन हजार वर्षांचा अनुभव मात्र निराळें सांगतो. मद्य वाढतें, प्रौढ होतें व अखेरीस थकतें. त्याची ऐन वेळ ओळखणें हीच या कलेंतील अवघड गोष्ट होय. ज्यानें आयुष्यांत मद्याला कधीं स्पर्श केला नाहीं, त्यालाही या कलेचा इतिहास बोधप्रद वाटेल.

इ. स. पूर्वीं १२१ या वर्षीं रोममध्यें ओपिमियस हा कॉन्सल होता. त्या वर्षीं इटलींत द्राक्षांचा हंगाम असा साधला कीं, त्या सालचें मद्य ‘ओपिमियन’ या नांवानें पिढ्यान् पिढ्या गाजत राहिलें. मातीच्या उंच कुंभांत तें घट्ट बंद करून ठेवीत. परंतु पाऊणशें वर्षांनीं, इ. स. पूर्वीं ४६ मध्यें, सिसरोनें वक्तृत्वावरील आपल्या ‘ब्रूटस’ या ग्रंथांत ओघानें लिहून ठेवलें कीं, हें मद्य नामांकित खरें, पण अतिवार्धक्यामुळें त्याची गोडी गेली असून आतां तें सोसवत नाहीं. पुढें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत प्लिनी सांगतो कीं, तें आटून कडवट मधासारखें झालें होतें व दुसऱ्या मद्याला चव आणण्यापुरतेंच उपयोगीं पडे. तरीही त्याचें नांव कमी झालें नव्हतें. नांव टिकतें, चव टिकत नाहीं, हा धडा रोमन लोकांनींच प्रथम घेतला.

रोमचें साम्राज्य लयास गेल्यावर घट्ट झांकणाच्या कुंभांचा प्रघात मोडला व लांकडी पिंपांचें राज्य सुरू झालें. पिंपांत हवा शिरे आणि मद्य लवकरच आंबू लागे. त्या काळीं फ्रान्समधील बोर्दो बंदरांतून इंग्लंडला मद्याचीं जहाजें जात. नव्या हंगामाचीं जहाजें लागलीं कीं जुन्या मालाचा भाव कोसळे. जुनें म्हणजे नासण्याच्या पंथास लागलेलें, असाच तेव्हांचा हिशेब होता.

हा हिशेब पालटला तो बाटलीनें व बुचानें. १६१५ सालीं इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानें, आरमारासाठीं लांकूड राखावें म्हणून, कांचेच्या भट्ट्यांत लांकूड जाळण्यास बंदी केली. कारागीर दगडी कोळशाकडे वळले आणि त्या प्रखर आंचेवर जाड, काळपट व मजबूत बाटली तयार होऊं लागली. अठराव्या शतकांत तिचें फुगीर पोट जाऊन ती सरळ झाली. आतां ती तळघरांत आडवी रचतां येऊं लागली व मद्यानें भिजलेलें बूच सुकेनासें झालें. प्राणवायूच्या थोड्याथोड्या संसर्गानें मद्य मुरतें व अतिसंसर्गानें बिघडतें, हें पुढें १८६६ मध्यें पाश्चरनें आपल्या ग्रंथांत मांडलें.

साधन मिळालें, पण वेळ कशी ओळखावी हा प्रश्न उरलाच. १८७० सालीं बोर्दोंत झालेलें मद्य विलक्षण तुरट होतें. स्कॉटलंडांतील ग्लॅमिस किल्ल्याचे धनी, स्ट्रॅथमोरचे तेरावे अर्ल, यांनीं त्या सालच्या ‘लाफीत’ मद्याच्या ४८ दुप्पट मापाच्या बाटल्या १८७८ मध्यें तळघरांत ठेवल्या. तें त्यांना रुचलें नाहीं. १९०४ मध्यें अर्ल वारले. बहुतेक बाटल्या तशाच राहिल्या. अखेर १९७१ सालीं लंडनच्या ख्रिस्टीज या पेढीनें त्यांचा लिलाव केला. त्यापूर्वीं मायकेल ब्रॉडबेंट या नामांकित परीक्षकानें एक बाटली उघडली, तों शंभर वर्षांचें तें मद्य उत्कृष्ट निघालें. ज्यानें तें जतन केलें, त्याच्या वांट्याला मात्र त्याचा तुरटपणाच आला.

याच्या उलटही घडतें. बोर्दोच्या १९७५ सालच्या मद्यांतही तुरटपणा फार होता. लोकांनीं धीर धरला. पण पुष्कळ बाटल्यांत तुरटपणा मऊ होण्यापूर्वींच फळाचा रस ओसरून गेला. म्हणजे केवळ तुरटपणा पाहून दीर्घायुष्य वर्तवितां येत नाहीं. त्याच्या जोडीला रस, आंबटपणा व सुगंधही भरपूर असावा लागतो.

परीक्षक म्हणूनच अनेक खुणा एकत्र पाहतात. पेला तिरपा करून पांढऱ्या कापडावर धरतात: कोवळ्या मद्याचा काठ जांभळट, प्रौढाचा विटकरी, थकलेल्याचा तपकिरी. नवेपणीं ताज्या फळांचा वास येतो. पुढें देवदाराचें लांकूड, तंबाखू, ओली पानें यांची आठवण होते. शेवटीं शिरक्याची छटा उमटते. तोंडांत घेतल्यावर हिरड्या आवळून येतात कीं रस जिभेवर मऊ पसरतो, व घोट गेल्यावर चव किती वेळ रेंगाळते, हेंही पाहतात. तुरट द्रव्य व रंग एकत्र होऊन तळाशीं गाळ बसतो, म्हणून जुनी बाटली आधीं उभी ठेवतात व ज्योतीसमोर धरून वरचें निवळ मद्य हलक्या हातानें ओततात. मानेंतील पातळी फार उतरली असेल, तर बुचानें दगा दिल्याची शंका घ्यावी.

परंतु या सर्व खुणांपैकीं बहुतेक बाटली उघडल्यावरच कळतात, आणि उघडलेली बाटली पुन्हा मिटत नाहीं. म्हणून अनुभवी लोक एकाच मद्याच्या बारा बाटल्यांची पेटी घेतात, दर दोनचार वर्षांनीं एक उघडतात व अनुभव वहींत टिपतात. पहिल्या दोनतीन बाटल्या अकालीं खर्ची पडतात. त्यांच्याच बळावर मधल्या बाटल्या ऐन भरांत हातीं लागतात. जो एकही बाटली वायां जाऊं देत नाहीं व शुभ प्रसंगाची वाट पाहत बसतो, त्याच्या हातीं बहुधा ओपिमियन मद्यासारखें मोठें नांवच तेवढें उरतें.