परीक्षकाची कुंडली : पेटंट ऑफिसचे आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

पेट, नेट, सेटच्या तयारीत असलेल्या तुम्हा मंडळींना ‘परीक्षक’ म्हटलं की व्हायव्हा घ्यायला बाहेरून येणारे सर आठवत असतील. ‘कोण येणार आहे?’ हा प्रश्न व्हायव्हाच्या आदल्या दिवशी प्रत्येक जण विचारतो. सर सढळ आहेत की चिकट, यावर रात्रीची झोप ठरते. पेटंटचा अर्ज करतानाही माणसाला हाच प्रश्न पडतो. मला पडला, आणि त्यापायी मी मुलुंडच्या घरात बसून दोन रविवार एक मोठी एक्सेल शीट बनवण्यात घालवले. ती शीट चुकीची होती. का चुकली, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

माझा विषय सोडियम-आयन बॅटरीतल्या कार्बनचा. गाइडने सांगितलं, पेपर पाठवायच्या आधी पेटंटचा अर्ज टाकू. मला वाटलं, बॅटरीचे अर्ज कोणाकडे जातात, किती मंजूर होतात, हे आधी काढलं तर दावे त्या हिशोबाने लिहिता येतील.

मुळात पेटंट तपासणारा माणूस ही गोष्ट तशी अलीकडची. अमेरिकेत १७९० च्या कायद्यानुसार अर्ज तीन बडे अधिकारी बघायचे. त्यातले एक होते परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन. तीन वर्षांत जेमतेम ५७ पेटंटं निघाली. मंत्र्यांना इतर कामं होतीच, म्हणून १७९३ मध्ये तपासणीच काढून टाकली. अर्ज द्या, फी भरा, पेटंट घ्या. मग व्हायचं तेच झालं, एकाच कल्पनेवर चार चार पेटंटं आणि कोर्टात मारामाऱ्या. शेवटी १८३६ च्या कायद्याने पगारी परीक्षक आला. ब्रिटनमध्ये नवेपणाचा शोध घेणं तर १९०५ पासून सुरू झालं.

आपल्याकडे पहिला कायदा १८५६ चा. पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांचा, ३ मार्च १८५६ रोजी, पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. (पंखा ओढणाऱ्या माणसाला सुट्टी देणारं यंत्र. विषय आजही रिलेव्हंट आहे, आमच्या लॅबमधला एसी बंद आहे.) त्या कायद्याला राणीची संमती घेतलीच नव्हती म्हणून तो रद्द झाला आणि १८५९ मध्ये नवा आला. मग १९११ चा कायदा, त्यात कंट्रोलर हे पद. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार समितीने १९५९ च्या अहवालात दाखवून दिलं की भारतातली ८० ते ९० टक्के पेटंटं परदेशी मालकांची आहेत आणि त्यांतली बहुतेक इथे वापरलीच जात नाहीत. त्या अहवालातून १९७० चा कायदा झाला, तो २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला, आणि दुरुस्त्यांसह तोच आजही चालू आहे. बघा, एका साध्या मोजणीतून, म्हणजे कोणाची पेटंटं किती, एवढ्यावरून, देशाचा कायदा बदलला. पेटंटच्या आकड्यांवरून डावपेच आखण्याचं आपल्याकडचं हे पहिलं मोठं उदाहरण म्हणायला हरकत नाही.

आता माझ्या शीटकडे येऊ. मुंबईचं पेटंट ऑफिस पूर्वी लोअर परळला सन मिल कंपाउंडमध्ये होतं, आता अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे. मुलुंडहून कुर्ल्याला गाडी बदलून हार्बरने जीटीबी नगर. पण आकड्यांसाठी तिथे जायची गरज नसते, वार्षिक अहवाल ऑनलाइन मिळतात. मी २०१५-१६ चे आकडे घेतले : दाखल अर्ज ४६,९०४, मंजूर पेटंटं ६,३२६. भागाकार केला, साडेतेरा टक्के. गाइडला दाखवलं. ते म्हणाले, ‘हे भागलेस ते दोन वेगळ्या गावचे लोक आहेत.’

बरोबर होतं त्यांचं. त्या वर्षी मंजूर झालेली पेटंटं ही त्या वर्षीच्या अर्जांमधली नव्हतीच, ती कित्येक वर्षांपूर्वीची होती. त्या वर्षी तपासले गेलेले अर्ज फक्त १६,८५१. म्हणजे येणारे सत्तेचाळीस हजार आणि तपासले जाणारे सतरा हजार! रांग वाढणार नाही तर काय? मग २०१६ च्या सुमारास शेकडो नवे परीक्षक भरती झाले आणि २०१७-१८ मध्ये तपासलेल्या अर्जांची संख्या ६०,३३० वर गेली, त्या वर्षी दाखल झालेल्या ४७,८५४ पेक्षाही जास्त. त्याच वर्षी निकाली निघाले ४७,६९५, पण त्यांतली मंजूर फक्त १३,०४५. इथे पुन्हा ‘बाप रे, परीक्षक किती कडक’ असं वाटतं. पण निकाली निघणं म्हणजे नाकारणं नव्हे. पहिला परीक्षण अहवाल आल्यावर उत्तरच दिलं नाही तर कलम २१ खाली अर्ज सोडून दिला असं धरतात. अर्ज करून पाच-सहा वर्षांनी अहवाल आला, तोवर कंपनीने तो विषयच बंद केलेला असेल, तर उत्तर कोण देणार?

आणि २०२३-२४ मध्ये एका वर्षात १,०३,०५७ पेटंटं दिली गेली. २०१४-१५ मध्ये ५,९७८ होती. या नऊ वर्षांत भारतीयांची बुद्धी सतरा पट वाढली किंवा परीक्षक सतरा पट दयाळू झाले, असं कोणी म्हणणार नाही. रांग उपसली गेली, हा त्यातला मोठा भाग. म्हणून नियम असा : वर्षाच्या आकड्याला वर्षाने भागू नका. एका वर्षी दाखल झालेली तुकडी घ्या आणि तिचं शेवटी काय झालं ते बघा. दहावीच्या बॅचचा निकाल काढतो तसं.

एकेका परीक्षकाचे आकडे काढण्याची कल्पना आली अमेरिकेतून. तिथे पेटंटच्या पहिल्या पानावरच परीक्षकाचं नाव असतं. कॉकबर्न, कॉर्टम आणि स्टर्न यांनी २००२ च्या सुमारास प्रश्न विचारला, सगळे परीक्षक सारखेच असतात का? उत्तर, नाही. २०१२ मध्ये लेम्ली आणि संपत यांनी दाखवलं की अनुभवी परीक्षक जुने संदर्भ कमी काढतात आणि मंजुरी जास्त देतात. पुढे फ्रेक्स आणि वॉसरमन यांनी कारणाचा एक धागा पकडला : बढती मिळाली की प्रत्येक अर्जामागे मिळणारे तास कमी होतात. एका अर्जाला सरासरी १९ तास. एवढ्या वेळात अर्ज वाचायचा, जगभरचं जुनं साहित्य शोधायचं आणि निर्णयही लिहायचा. तुम्ही एका पेपरचं लिटरेचर सर्व्हे किती तासांत करता, ते आठवून बघा.

यावरून तिथे धंदाच उभा राहिला, परीक्षकाचं नाव टाका, मंजुरीचं प्रमाण बघा. बॅटरीवाल्यांनीही ते वापरलं. पण २०१९ मध्ये रिघी आणि सिमको यांनी एक खोच दाखवली. एकाच गटातल्या परीक्षकांना अर्ज चिठ्ठ्या टाकल्यासारखे मिळत नाहीत, ज्याचा ज्या तंत्रात हात बसलाय त्याला तसे मिळतात. समजा एकाकडे इलेक्ट्रोलाइट जातात आणि दुसऱ्याकडे सेलची पेटी आणि वायरिंग. पहिल्याचं प्रमाण कमी दिसलं तर तो कडक आहे, की इलेक्ट्रोलाइटच्या मिश्रणात नवं काही सापडणंच कठीण आहे? नुसत्या टक्क्यावरून हे कळत नाही.

आपल्याकडे तर अडचण आणखी वेगळी. परीक्षक अहवाल देतो, निर्णय कंट्रोलर घेतो. परीक्षकाने कंट्रोलरला दिलेला अहवाल कलम १४४ नुसार गोपनीय असतो. आपल्याला मिळतात ते पुढचे आक्षेप. शिवाय अर्ज मुंबईत टाकला म्हणून तो अँटॉप हिललाच तपासला जाईल असं नाही, वाटप देशभरातल्या चारही ऑफिसांत विषयानुसार होतं. तेव्हा अंधेरी-घाटकोपरमध्ये कोणी ‘आपली ओळख आहे’ म्हणालं तर चहा पाजा आणि सोडून द्या.

आणि समजा परीक्षक कळला, तरी सगळं त्याच्या हातात नसतं. लिथियम आयर्न फॉस्फेटचं उदाहरण घ्या, आज रिक्षापासून बसपर्यंत चालणारी बॅटरी. टेक्सास विद्यापीठात गुडइनफ यांच्या लॅबमध्ये त्यावर काम झालं. जपानच्या एनटीटी कंपनीचा एक संशोधक तिथे पाहुणा होता, आणि एनटीटीने जपानमध्ये १९९५ मध्येच अर्ज टाकला. विद्यापीठाचा अर्ज १९९६ चा, त्यावर १९९९ मध्ये अमेरिकी पेटंट ५,९१०,३८२ मिळालं. विद्यापीठ कोर्टात गेलं आणि २००८ मध्ये एनटीटीने तीन कोटी डॉलर देऊन तडजोड केली. त्याच २००८ मध्ये हे पेटंट अमेरिकेत पुनर्परीक्षेतून वाचलं आणि युरोपात मात्र रद्द झालं. शोध तोच.

मग आकडे फेकून द्यायचे का? मी नाही फेकले, फक्त प्रश्न बदलला. ‘किती मंजूर होतात’ याऐवजी बॅटरीच्या वर्गातल्या, म्हणजे एच०१एम मधल्या, जुन्या फाइली उघडून दोनच गोष्टी बघायला लागले. पहिला अहवाल किती महिन्यांनी आला, आणि त्यात कोणती कलमं होती. नवेपणा आणि शोधकता तर असतेच. पण इलेक्ट्रोड पदार्थांवर कलम ३(डी) वारंवार दिसलं : माहीत असलेल्या पदार्थाचंच नवं रूप आहे, कार्यक्षमतेत ठोस वाढ दाखवा. इलेक्ट्रोलाइटवर ३(ई) : नुसतं मिश्रण आहे. ग्लिवेकच्या २०१३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कार्यक्षमता ही त्या वस्तूच्या कामावरून ठरते. औषधात ती उपचाराची, बॅटरीत मग क्षमतेची आणि आयुष्याची.

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहवालाला उत्तर द्यायला सहा महिने मिळतात. आमचा सेल दोन तासांत चार्ज, दोन तासांत डिस्चार्ज या गतीने हजार वेळा फिरवायचा तर ४,००० तास, म्हणजे १६६ दिवस. अहवाल हातात आल्यावर सेल लावायला घेतला तर सहा महिने तिथेच संपले, एखादा सेल मध्येच मेला की झालंच. आणि मूळ स्पेसिफिकेशनमध्ये नसलेली नवी गोष्ट कलम ५९ मुळे मागाहून घुसवता येत नाही. म्हणून तुलनेचे सेल, आमचा कार्बन आणि जुना ज्ञात कार्बन शेजारी शेजारी, आत्ताच टेस्टरवर लावले आहेत. प्रोव्हिजनल अर्ज टाकला की पूर्ण स्पेसिफिकेशनसाठी १२ महिने मिळतात, त्यात ही मोजमापं बसतात.

प्रोव्हिजनल पोस्टरच्या आधी टाकायचा, हेही सांगून ठेवते. अमेरिकेत स्वतःच्या प्रकाशनानंतर एक वर्ष सवलत आहे, आपल्याकडची सवलत फारच अरुंद. आमच्या एका सीनियरचा अॅब्स्ट्रॅक्ट आयोजकांनी परिषदेच्या आधीच साइटवर टाकला, आणि त्याच्या एका दाव्याचा नवेपणा तिथेच गेला.

आता वाद आहे तो फॉर्मचा. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेला जलद परीक्षणाचा फॉर्म १८ए भरता येतो. गाइड म्हणतात तोच भरू, प्लेसमेंटला दाखवता येईल. माझं म्हणणं साधा १८ भरू. परीक्षणाची विनंती करायला ३१ महिने आहेत, तेवढ्यात सेल हजार फेऱ्यांच्या पुढे जातील. काल संध्याकाळी टेस्टर बघितला तेव्हा २१२ वी फेरी चालू होती.